रुमालात बांधलेली घंटी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, स्वतःशी खरं बोलणे. दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारणच नाही.

काल जेवताना आईने जाहीर केलं की यंदा चैत्र पौर्णिमेला ती देवटोल्याची पहाडी चढणार. मोहल्ल्यातल्या उषाबाई आणि सहा-सात जणी मिळून गाडी करताहेत. आईचं वय त्र्याहत्तर. आयुष्यभर मागाजवळ बसून कांड्या भरल्या, दोन्ही गुडघे गेले. मी म्हणालो, झेपणार नाही. ती म्हणाली, "मरायच्या आंधी एक डाव तुही घंटी पाहीन. हातानं वाजवीन."

माझा घास अडकला. माझी बायको मंजुषाने पाणी दिलं.

घंटी पहाडीवर नाही. घंटी माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्याच दिवशी, दुपारी २.३०, लायब्ररी

एकदा स्वच्छ लिहून टाकतो. सोळा वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या ह्याच लायब्ररीत टेम्पररी होतो. आईने देवटोल्याच्या महादेवाला नवस बोलला की पोरगा पर्मनंट झाला तर तो पायी पहाडी चढून पितळेची घंटी बांधेल. रीत अशी की ज्याच्यासाठी नवस, त्यानेच न्यायची, त्यानेच बांधायची. २०११ मध्ये मी पर्मनंट झालो. इथे भंडाऱ्यातच पितळेच्या दुकानातून घंटी घेतली, नाव कोरून घेतलं: लिलाधर मधुकरराव निखारे, भंडारा, चैत्र २०११. गेलो. पायथ्याशी पोचलो आणि पोटात दुखायला लागलं. हे शंभर टक्के खरं आहे. (वर बघितल्यावर दुखायला लागलं, हेही खरं.) नारळाच्या दुकानापाशी तीन तास बसलो, चणे खाल्ले, प्रसाद घेतला, परत आलो. पोट दुखत असताना चणे कसे खाल्ले हा प्रश्न रास्त आहे. त्यावर विचार चालू आहे.

आईने विचारलं, बांधली? मी मान हलवली. कशी हलवली ते आठवत नाही. उभी हलवली असावी.

उपाय सोपा आहे. दोन महिने हातात आहेत. एका रविवारी गुपचूप जायचं, चढायचं, बांधायची. मग मी जे सांगितलं ते खरंच होईल. तारीखसुद्धा बदलावी लागणार नाही. उशिरा जमा केलेलं पुस्तक, याहून जास्त काही नाही हे.

भीतीचा प्रश्न येत नाही. मनाला दोनदा विचारून पाहिलं. नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फिटनेस सुरू. लायब्ररीचा जिना ३८ पायऱ्यांचा. लंच टाइममध्ये दहा वेळा वर-खाली. वजनाची सवय व्हावी म्हणून घंटी बॅगेत ठेवली. चौथ्या फेरीला वाचन कक्षातल्या सगळ्या मुली दाराकडे पाहू लागल्या. शिपाई घनश्याम धावत आला. म्हणाला, "सर, मले वाटलं कोनाची गाय घुसली."

लायब्ररीत आवाज चालत नाही, हा नियम मीच बोर्डावर लिहिला आहे. घंटीच्या जिभेला माझा रुमाल गुंडाळून वरून दोऱ्याने बांधला. निळ्या काठाचा. आता पूर्ण शांतता. बाकीच्या सहा फेऱ्या पूर्ण केल्या.

खरं लिहायचं तर चार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अभ्यास. वन्यप्राण्यांवरचं जाड पुस्तक स्वतःच्या नावावर इश्यू केलं. त्या भागात वाघ कायमचा राहत नाही, ये-जा करतो असं दिसतं. "ये-जा" हा शब्दप्रयोग मला बरा वाटला नाही. बिबट्या आहे. अस्वल आहे. अस्वलाबद्दलची चार पानं वाचली, मग पुस्तक बंद केलं. डोळ्यांना ताण नको.

रात्री मागच्या अंगणाची खिडकी लावून घेतली. डास फार झालेत.

मंजुषा म्हणाली, फेब्रुवारीत कुठले डास?

२ मार्च, रविवार. संध्याकाळी

पहिली मोहीम यशस्वी.

घरी सांगितलं, तुमसरला लायब्ररीच्या कामाने जातो. एस.टी.ने तुमसर, तिथून बपेऱ्याकडे जाणारी बस, मध्ये फाट्यावर उतरून दोन किलोमीटर पायी. देवटोला तेच आहे. गावच्या तळ्यात, बोडीत, पहाडी उलटी दिसते. सुलटीकडे मी लगेच पाहिलं नाही. सूर्य डोळ्यांवर होता.

नारळाचं दुकानही तेच. बाई तीच, बायाबाई. दुकानावर सावलीला एक मोठी काळी छत्री बांधलेली. दांड्यावर लेबल. मी वाकून वाचलं. "लि. म. निखारे, ग्रंथालय." अक्षर माझंच.

बायाबाई म्हणाली, "तुमीच ना ते? त्या साली तीन घंटे इथंच बसून चने खाल्ले आन् छत्री भुलून गेले? लय मजबूत छत्री हाय बापा. चौदा पावसाळे काढले तिनं."

मी म्हणालो, मी तो नाही. मग लेबलकडे पाहून म्हणालो, असेनही.

तिचा नवरा मनिराम बोडीच्या काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. बोडीत मासे धरतो आणि लोकांना वर घेऊनही जातो. त्याने सांगितलं, "सर, एकटे नका जाऊ. यात्रेत जत्था असते तवा गोष्ट येगळी. आता मोह पडाले लागन. मोह पडला का अस्वल उतरते." मी म्हणालो, आज फक्त पाहणी आहे.

सिमेंटची कमान आहे, तिथून सुरुवातीला पायऱ्या, मग पायवाट, मग जंगल. अकरा पायऱ्या चढलो. बाराव्या पायरीवर वरच्या झाडीत कोणीतरी खोकलं. माणूस खोकतो तसं, पण माणूस नाही. मी पुष्कळ वेळ उभा होतो. पाय हलत नव्हते, ते विश्रांती घेत होते. मनिराम खालून ओरडला, "वांदर हाय, सर!"

मला माहीत होतं. पण पाहणी पूर्ण झाली होती.

छत्री परत मागितली नाही. बाईला गरज आहे.

५ मार्च, बुधवार

आई मंजुषाकडून तळपायाला तेल लावून घेते आहे. अनवाणी चढायचं म्हणते. रोज संध्याकाळी अंगणात वीस फेऱ्या मारते. मधेच थांबून गुडघा धरते, मला पाहिलं की हात काढून घेते.

मला विचारलं, "तुही घंटी कोन्या बाजूनं हाय रे? तिथं तं हजार घंट्या असतीन."

मी म्हणालो, डाव्या. का म्हणालो कोण जाणे. मी वर कधी गेलेलोच नाही, तिथे डावी बाजू आहे की नाही हेही माहीत नाही.

"डाव्या हातची," असं आई उषाबाईला फोनवर सांगत होती.

९ मार्च, रविवार

गेलो नाही. ढग होते.

१६ मार्च, रविवार

गेलो नाही. ऊन होतं.

१९ मार्च, बुधवार

स्वतःची झडती घेतली. दोन रविवार का गेले? ढग खरे होते, ऊन खरं होतं. पण ढग असले तर ऊन नको आणि ऊन असलं तर ढग हवेत, असं चाललं तर एप्रिल यायला वेळ लागणार नाही. हे भीतीचं लक्षण आहे का? खोलवर विचार केला. नाही. हे नियोजनाचं लक्षण आहे. भित्रा माणूस नियोजन करत नाही.

निश्चय: येत्या रविवारी वरपर्यंत. हवामान कसंही असो.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ७

मोहीम दुसरी.

मनिराम बाजाराला गेला होता. बायाबाई म्हणाली, थांबा. पण निश्चय तो निश्चय. एकटा निघालो. बॅगेत घंटी, पाणी, ग्लुकोज, बिस्किटं. पायऱ्या संपल्या. पायवाट सुरू झाली. दोन्ही बाजूंनी साग, पानं वाळून खाली पडलेली, ताटाएवढी. एक पाऊल टाकलं की जंगलभर आवाज होतो. आधी वाटलं, बरं आहे, सोबत आहे.

मग लक्षात आलं की आवाज दोन आहेत.

माझं पाऊल, चर्र. मग अर्ध्या क्षणाने मागे आणखी एक, खस्स. मी थांबलो, ते थांबलं. मी चाललो, ते चाललं. मागे पाहायचं नाही, असं यूट्यूबवर सांगितलं होतं की पाहायचंच असं, ते आठवेना. मानेवरचे केस उभे राहतात हे मी पुस्तकातच वाचलं होतं. खरंच राहतात. पहाडीच्या अर्ध्यावर मोहाच्या झाडांचं सपाट मैदान आहे, तिथवर पोचलो होतो. वरून कुठूनतरी वाऱ्याने घंट्यांचा बारीक आवाज आला. इतक्या जवळ होतो. मी आईचं नाव घेतलं, महादेवाचं घ्यायचं राहून गेलं, आणि वळून खाली धावलो. खस्स, खस्स, खस्स. ते धावतच होतं. माझ्याइतक्याच वेगाने. कमानीपाशी पडलो.

बायाबाई आली. माझ्या बुटाच्या टाचेत सागाचं वाळकं पान रुतलं होतं. काटकीसकट. तिने ते उपटून काढलं आणि माझ्या हातात दिलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

उतरण्याचा वेळ नऊ मिनिटं. स्टॅमिना नक्कीच वाढला आहे.

२७ मार्च, गुरुवार

बाथरूममध्ये सराव. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, हात वर करून मोठं दिसायचं आणि मोठ्याने ओरडायचं, असं व्हिडिओत होतं. घरात लोक असल्याने हळू आवाजात ओरडलो. प्रेरणाने दारावर टकटक केली, बाबा, गीझर लावू का?

मंजुषाने खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाली, "खरं सांगा, डॉक्टरनं काई सांगतलं का? रविवारी गायब राहता, झोपेत पाय हलवून राहता, जिना चढून पाहता. हार्टचं हाय का?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. सगळं सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, थोडं बीपी.

आता जेवणात मीठ नाही. रोजनिशी सत्यासाठी सुरू केली, आणि खोट्यांची संख्या एकवरून तीनवर गेली. (तुमसरचं काम धरलं तर चार.)

३१ मार्च, सोमवार

एक मुद्दा सुटला. मनिराम म्हणतो, घंटी हातात धरून वाजवत चढायची असते, जुनी रीत आहे. नीट विचार केला. गळ्यात घंटी कोणाच्या असते? गाईच्या. बिबट्या कोणाला खातो? म्हणजे घंटी वाजवत जंगलात शिरणं म्हणजे जेवणाची वेळ झाल्याचं कळवणं. लोकांनी हा विचार कसा केला नाही, नवल आहे. शिक्षणाचा फरक.

रुमाल तसाच राहू देणार. शिवाय मनिरामने घंटी पाहिली तर २०११ वाचेल. नको.

३ एप्रिल, गुरुवार

नऊ दिवस उरले. मनिरामशी फोनवर ठरवलं. रविवारी, रामनवमीला, पहाटे सहाला कमानीपाशी. शनिवारी तुमसरलाच मुक्काम करीन. घरी काय सांगायचं? लायब्ररी सेमिनार.

पाच.

५ एप्रिल, शनिवार. तुमसर, लॉज

बाहेर कुत्री भुंकताहेत. शहरातली आहेत, मला कल्पना आहे.

उद्या ह्या वेळी सगळं संपलेलं असेल. हे वाक्य लिहिल्यावर पुन्हा वाचलं. दोन अर्थ निघतात. पहिला अर्थ धरावा.

६ एप्रिल, रविवार. दुपारी, बसमध्ये

जिवंत आहे.

क्रमाने लिहितो. सहा वाजता निघालो. मनिराम पुढे, मी चार पावलं मागे. तो दर दहा पावलांना काठी दगडावर आपटायचा आणि हुऽऽ असं ओरडायचा. प्रत्येक हुऽऽला माझं काळीज उडायचं. मी म्हणालो, मनिराम, उगाच त्यांना कळवू नका आपण आलोय. तो थांबला. म्हणाला, "कळवाचंच असते ना सर. अस्वलाले दिसत नाई बरोबर. आवाज आयकला का थो आपल्या रस्त्यानं जाते. एकदम समोर गेलं का बिथरते." मग विचारलं, "घंटी कुठं हाय तुमची? वाजवा ना." मी म्हणालो, बॅगेत आहे, वर गेल्यावर काढू. आणि काठी नका आपटू, डोकं दुखतं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सर म्हणतात तर ठीक, असं काहीतरी पुटपुटला. काठी खांद्यावर घेतली.

मग शांतता. मी मागितलेली.

मोहाच्या मैदानात पोचलो तेव्हा झाडांखाली उजेड अजून कमी होता. जमिनीवर फुलांचा सडा, पिवळट, ओला. वास इतका गोड की डोकं जड व्हावं. एका झाडाखाली मोठा काळा दगड होता. मी म्हणालो, मनिराम, मागच्या वेळी हा दगड नव्हता.

दगडाने मान वर केली.

तोंड लांब होतं. तोंडाला मोहाची फुलं चिकटली होती. आमच्यात अंतर आमच्या वाचन कक्षाच्या लांबीएवढं, किंवा त्याहून कमी. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. छातीवर पांढरा पट्टा. हुंगल्यासारखा आवाज आला, भात्यासारखा. मला सगळं आठवत होतं. हात वर करायचे, मोठं दिसायचं, ओरडायचं. हात वर गेले, पण बॅग काढण्यासाठी. बॅग त्याच्या दिशेने फेकली (त्याच्या दिशेने फेकायची नव्हती) आणि पळालो. ओरडलो मात्र नाही. आवाज निघाला नाही. बाथरूमपेक्षाही हळू.

मागे मनिराम काठी दगडावर आपटत ओरडत होता, एकटा. मी वळून पाहिलं नाही. तो मेला असेल असं वाटलं, आणि तरी मी धावत होतो. हे वाक्य खोडणार नाही. खोडावंसं वाटतंय.

कमानीपाशी बायाबाई उभी होती. तिने विचारलं, "थे कुठं हायेत?" मला सांगता आलं नाही. मी वर बोट दाखवलं. ती तशीच, अनवाणी, ओरडत पायऱ्या चढायला लागली. मी तिला अडवलं नाही. सोबतही गेलो नाही.

वीस मिनिटांनी दोघं खाली आले. मनिराम बिडी ओढत होता. "गेलं आपल्या रस्त्यानं," म्हणाला. "तुमची बॅग नाल्याकडं नेली त्यानं. बिस्किटाचा वास आला असन." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आवाज करत गेलो असतो तं भेटच झाली नसती, सर." रागाने नाही म्हणाला. बोडीकडे गेला. जाळं काढायचं होतं.

बायाबाई माझ्याशी बोलली नाही. पाणी दिलं, छत्रीच्या सावलीत बसवलं.

८ एप्रिल, मंगळवार

मनिरामचा फोन. बॅग मिळाली, बूड फाटलेलं. बाटली चावलेली. घंटी नाही. नाल्यात गेली असेल, पाहतो म्हणाला. ऐकून पहिल्यांदा काय वाटलं हे प्रामाणिकपणे लिहितो. हायसं वाटलं. पुरावा गेला. वर हजार घंट्या आहेत. आईला एवढ्यांतून सापडणार नाही, डोळे अधू आहेत, मी म्हणेन गर्दीत असेल कुठेतरी डाव्या बाजूला.

मग दुसरं वाटलं. आई त्या मैदानातून जाणार आहे. अनवाणी. त्या गुडघ्यांनी तिला पळता येणार नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आईला परावृत्त करण्याचे प्रयत्न. ऊन चाळीसच्या वर. गुडघे. पाण्याची सोय नाही. वन विभाग अडवतो (खात्री नाही). शेवटी म्हणालो, आई, वर अस्वल आहे.

आई म्हणाली, "अस्वल तं हायेच. तेचंच जंगल होय ना ते. आपुन घंटी वाजवत जाऊ, थे सरकते." मग म्हणाली, "तू गेला होता तवा नोयतं का?"

मी म्हणालो, तेव्हा नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ६

निश्चय: आज चहाच्या आधी आईला सगळं सांगायचं.

११ एप्रिल, ६.३०

चहा झाला.

११ एप्रिल, संध्याकाळी

जेवणाआधी सांगणार होतो. उषाबाई आली, दोघी नारळ मोजत बसल्या, हसत होत्या. आई इतकी हसताना बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिचा आनंद कशाला घालवायचा? हे प्रेम आहे, भीती नाही. (तपासायला वेळ नाही.)

मीही जाणार. मुलाचं कर्तव्य.

१२ एप्रिल, शनिवार. पहाटे ४.५०

निघतो आहोत. आईने नवी नऊवारी नेसली. मी रात्रभर झोपेऐवजी अस्वलं मोजली.

सकाळी ७.२०, देवटोला

यात्रा भरलेली. गाड्या, बैलगाड्या, लाउडस्पीकरचे पोंगे, नारळाचे ढीग. दिवसा, माणसांत, पहाडी लहान वाटते. छत्री तिथेच. मी गाडीतून उतरताच दुकानापुढे जाऊन अशा बेताने उभा राहिलो की दांड्यावरचं लेबल आईला दिसू नये. बायाबाई म्हणाली, "सर, गिऱ्हाईक येऊन राहिलं, बाजूले व्हा ना." झालो नाही. मग झालो.

बायका वहाणा काढू लागल्या. वर अनवाणीच जायचं. कोणीतरी म्हणालं, चपलांजवळ कोण थांबणार? मी हात वर केला. ह्या वेळी हात लगेच वर गेला.

आईने माझ्याकडे पाहिलं. चपला माझ्यापुढे नीट जोडून ठेवल्या आणि उषाबाईचा हात धरून कमानीकडे गेली. मध्ये बायाबाईच्या दुकानाशी थांबली, नारळ घ्यायला. पुष्कळ वेळ थांबली. नारळ घ्यायला एवढा वेळ लागत नाही.

८.४०

आठ जोड, सोळा चपला. मोजल्या. पुन्हा मोजल्या. सोळा.

बायकांच्या हातात घंट्या. वर जाणारा आवाज झाडीतून येतो, पुसट होतो, परत येतो. आवाज येतोय तोवर त्या ठीक आहेत. आवाज थांबला की मी उठून उभा राहतो.

९.५५

मोहाच्या मैदानात असतील. मला आता इथे, ह्या सोळा चपलांमध्ये, जेवढं भ्यायला होतंय तेवढं त्या दिवशी त्या जनावरासमोर झालं नव्हतं. भ्यायला हा शब्द लिहिला गेला. राहू दे.

मनिराम समोरून गेला. मी विचारलं, वर सगळं ठीक आहे ना? तो म्हणाला, "एवढा आवाज हाय, सर, अस्वल मध्य प्रदेशात गेलं असन."

११.१५

वरून एकदम खूप घंट्या वाजल्या. मग एकच, वेगळी, जरा जाड आवाजाची, तीन वेळा.

असं वाटलं. अंतर फार आहे. भास असेल.

१.३०

आई आली. उषाबाई आणि आणखी एक बाई, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून. चेहरा उन्हाने लाल, ओठ पांढरे, उजवा पाय टेकवत नव्हती. मी धावलो. तिने मला बाजूला सारलं नाही, पण भारही टाकला नाही. चपलांजवळ बसली. मी पाणी दिलं.

विचारलं, दिसली?

म्हणाली, "दिसली. डाव्या हातालेच हाय, तू म्हनला तशी. आवाज चांगला हाय तिचा."

मग कमरेच्या पिशवीत हात घालून काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मातीने भरलेला, दातांनी फाटलेला, निळ्या काठाचा रुमाल.

"नाल्यात सापडली मनिरामले. बायाबाईनं देल्ली. जिबलीले फडकं बांधलं होतं कोनं, म्या सोडलं. देवापुढं मुकी घंटी कशी बांधाची?"

सोळापैकी दोन चपलांकडे पाहत होतो.

"देवाले सांगतलं, पोरगा खाली चपला राखून राहिला म्हून."

उषाबाई दुसरीकडे पाहायला लागली. तिला सगळं कळलं असणार. उद्यापर्यंत मोहल्ल्याला कळेल.

संध्याकाळी ६, घरी

गाडीत आई माझ्याच शेजारी बसली होती. तुमसर मागे पडल्यावर एकदाच बोलली. खिडकीबाहेर पाहत, हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं.

"भेव लागते हे एक डाव सांगतलं असतं, तं मी तवाच चढली असती. तवा माहे गुडघे धड होते."

भंडारा जवळ आल्यावर वैनगंगेच्या दिशेने तिने हात जोडले. मीही जोडले.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी

मंजुषाला सगळं सांगितलं. बीपी नसल्याचंही. ती उठून भाजीत मीठ टाकून आली.

रुमाल धुतला. पितळेचा हिरवा डाग गेला नाही. वाळत घातला.

आईचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झालाय. डॉक्टर दुपारी येतील. तोवर तेल गरम करून चोळत बसलो. ती डोळे मिटून पडली होती. झोपली असं वाटलं, म्हणून म्हणालो.

"आई, मला भीती वाटते."

चौदा वर्षांत पहिल्यांदा हे मोठ्याने बोललो. काहीतरी होईल असं वाटलं होतं.

आईने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "मालूम हाय. जरा खाली चोळ, तिथं दुखते."